माझ्या पोटात भलताच गॅस

मित्रांनो, मी एक मोडकं पिस्तूल आहे. घाबरू नका, खेळातलं आहे. माझ्यातून सुटते ती लहानशा मटाराएवढी प्लास्टिकची गोळी. तुम्हाला वाटेल, म्हातारं होऊन मोडलं असेल. छे! मी म्हातारा झालोच नाही. मला मोडलं, आणि मोडून वर मलाच नावं ठेवली. त्याचा राग अजून माझ्या अंगात आहे.

तोक्योजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी पाठ, म्हणजे वरचा सरकता भाग, प्लास्टिकची. मुठीतून आत सरकतं ते मॅगझिन म्हणजे माझं पोट. पोटात गॅस भरायचा, घोडा ओढला की पाठ खाडकन मागे जाऊन पुढे येते, हातालाही छान धक्का बसतो. कोणता गॅस चालेल आणि कोणता नाही, ते माझ्या खोक्यावर ठळक छापलेलं आहे. अठरा वर्षांखालच्यांनी मला हात लावू नये, तेही छापलेलं आहे. तुम्ही अजून लहान आहात. तुम्ही फक्त माझं ऐका.

मात्सुमोतो शहरातल्या एका दुकानात सात्सुकीने मला निवडलं. तिचं पहिलंच पिस्तूल. तिचा नवरा कोहेई कंपनीतल्या चमूबरोबर रविवारी डोंगरालगतच्या मैदानावर अशा पिस्तुलांची लुटुपुटूची लढाई खेळायला जायचा. सासूबाईंनी लहानग्या नाओला सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा कुठे हिला जायला मिळणार होतं.

"मला सगळ्यात जोरदार नको," ती दुकानदार नेझूबाईंना म्हणाली. "डोळाबिळा फुटून चालणार नाही हो. घरी तीन वर्षांचं कार्टं आहे."

"मग आधी हातात धरून बघ," नेझूबाई म्हणाल्या. "जोराचं नंतर."

पहिलं पिस्तूल दर गोळीला हाताने ओढायचं. गॅसची कटकटच नाही, पण सात्सुकीला ते शिलाई यंत्रासारखं वाटलं. दुसरं धातूच्या पाठीचं, परदेशी. तिचं मनगटच वाकलं. मग मी. तिची बोटं माझ्या मुठीभोवती नीट बसली आणि ती हसली. मित्रांनो, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"याला हा सौम्य गॅस," नेझूबाईंनी डबा पुढे केला. "थंडीत हा मलूल होतो. होऊ दे. मॅगझिन कोटाच्या आतल्या खिशात ठेव, अंगाच्या उबेने जागं होतं. जोरदार गॅस भरलास तर पाठ फुटेल. शिवाय कायद्याने ठरवलेल्या जोराच्या वर गेलं, तर ते खेळणं राहत नाही, गुन्हा होतो."

"एवढं तर ही तोंडपाठ करेल," कोहेई हसला. "ही औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते."

"वाचते म्हणून तुझं पोर धड आहे," सात्सुकी म्हणाली.

जानेवारीतला तो रविवार. सकाळी मैदानावर प्रत्येकाच्या पिस्तुलाचा जोर यंत्रावर मोजला. मीही उत्तीर्ण झालो, पोटात योग्य गॅस होता ना! जेवणानंतर मात्र डोंगरावरून बोचरा वारा सुटला. सरावाच्या जागी सात्सुकीने मला उचललं. माझी पाठ अर्ध्यावरच अडकली. गोळी फुसकन चार पावलांवर पडली. चमूतले लोक हसले. सात्सुकीने मॅगझिन काढून कोटाच्या आत घातलं.

"अगं, बगलेत काय धरतेस, ताप मोजतेस का?" कोहेई कुजबुजला. "सगळे बघतायत."

तेवढ्यात अकुत्सुसान आले. कोहेईला हाताखाली घेऊन काम शिकवणारे, कंपनीतले त्याचे वरिष्ठ. त्यांच्या हातात त्यांच्या परदेशी पिस्तुलाचा जोरदार गॅस होता.

"वहिनी, हा घ्या. थंडीबिंडी काही नाही याला. घोड्यासारखं उधळेल तुमचं पिल्लू!"

सात्सुकीने डब्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिला कळलंय हे मला तिच्या हातातूनच कळलं.

"पण हा याला..."

"अगं, अकुत्सुसान स्वतः देतायत," कोहेई दबक्या आवाजात म्हणाला. मग कमरेत वाकून त्याने दोन्ही हातांनी तो डबा घेतला. "आभारी आहे! आभारी आहे!"

वरिष्ठाने दिलेलं नको कसं म्हणायचं? बस, एवढ्यासाठी! त्याने मॅगझिन तिच्याकडून मागून घेतलं आणि माझ्या पोटात ते जहर भरलं. मला ओरडता येत नाही. येत असतं तर डोंगर हादरला असता. खेळताना घालायचा जाड चष्मा घट्ट करून सात्सुकीने मला डोळ्यांसमोर धरलं. मग घोडा ओढला.

माझी पाठ मधोमध फुटली. पुढचा तुकडा मातीत गेला, मागचा तिच्या तोंडावर. चष्म्याच्या काचेवर डोळ्यासमोरच खोल ओरखडा पडला. ओठ फाटला. पांढऱ्या हातमोज्यावर रक्त ठिबकलं.

अकुत्सुसान धावत आले, वाकले. तुकडा उचलून म्हणाले, "अरेरे! हलकं प्लास्टिक. हल्ली असाच माल बनवतात."

"हो ना," कोहेई म्हणाला. "मालच कच्चा."

माल कच्चा! ज्याने खोक्यावरचं एक अक्षर वाचलं नाही, तो मला कच्चा म्हणतो!

सात्सुकीने रुमाल ओठावरून काढला.

"माल पक्का होता," ती म्हणाली. "अकुत्सुसान, गॅस चुकीचा होता. मला माहीत होतं. कोहेईलाही दुकानात सांगितलं होतं. हा चष्मा नसता तर आज माझा डोळा गेला असता."

अकुत्सुसानांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते पुन्हा वाकले, या वेळी बराच वेळ.

गाडीत बसल्यावर कोहेई म्हणाला, "वरिष्ठांना सगळ्यांदेखत बोललीस. उद्या मी कोणत्या तोंडाने ऑफिसात जाऊ?"

"तुझं तोंड शाबूत आहे ना? मग त्याच तोंडाने जा."

बऱ्याच वेळाने त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिचा ओठ पाहिला. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं." फार उशिरा म्हणाला. मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा म्हणजे नुसती पुसून कपाटात ठेवा असं नाही. तिच्या पोटात काय चालतं ते आधी वाचा. आणि कितीही मोठ्या माणसाने, कितीही मायेने, भलतंच काही पुढे केलं, तर वाका, नम्र राहा, पण हात मागे घ्या. 'नको' म्हणा. मनात नव्हे. आत्ता, मला ऐकू येईल असं म्हणा.