पहिलीतला चंद्र

लहानपणी ती उशा ओळीत मांडून त्यांच्यावर पट्टी उगारायची, तेव्हापासून घरात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. आता शिक्षकी शिकायचं वर्ष संपत आलं, खरोखरची मास्तरीण व्हायची वेळ आली, आणि बाईसाहेबांची पाचावर धारण बसली. कुठल्या वर्गाला शिकवणार, ते प्रशिक्षणाच्या मॅडमना उद्याच्या मधल्या सुट्टीपर्यंत सांगायचं होतं.

वर्षभर तिनं नववीचाच घोशा लावला होता. त्या रात्री जेवताना अचानक म्हणाली, "मी पहिली घेणार."

दादा हळवाच झाला. "सगळे मोठ्या वर्गांमागे धावतात, आणि आमची मास्तरीण बघा! लहानांना शिकवायला माया लागते."

वहिनीनं कौतुकानं ताटात आणखी भात वाढला. तिनं तो ताटाच्या कडेला सारला.

खरी गोष्ट अशी, की त्याच दिवशी नववीच्या सराव पाठात तिनं फळ्यावर गणित चुकवलं होतं. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलेली उणे संख्या तिनं उणेच ठेवली. शेवटच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, तिथे अधिक होईल."

चूक तिला त्याच क्षणी दिसली. मॅडमही नेमक्या बाहेर गेल्या होत्या, म्हणजे कबूल करायला भीती कुणाची नव्हती. तरी ती म्हणाली, "अतिशहाणपणा नको. बस खाली." मुलगी बसली आणि टक लावून बघत राहिली. वर्गानं चुकीचं उत्तर उतरवून घेतलं.

पहिलीत असं कोण बोलणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच तिचा विचार, आणि घरचे त्याला माया म्हणत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मूठ काही तिनं उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच घेते असं मॅडमना सांगून ती वर्गात गेली. पाठ होता दिवस आणि रात्र. पुठ्ठ्याचा सूर्य, पुठ्ठ्याचा चंद्र, सगळी जय्यत तयारी. मॅडम दारात मुख्याध्यापकांशी बोलत उभ्या होत्या.

"सूर्य दिवसा दिसतो, चंद्र फक्त रात्री दिसतो," मास्तरीण म्हणाली.

पुढचे दात पडलेली एक चिमुरडी ओरडली, "बाई, चंद्र आत्तापण आहे! तो बघा!"

खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्यावर फिकट, अर्धा चंद्र. मास्तरणीनं दाराकडे पाहिलं. मॅडमची पाठ वर्गाकडे होती.

"तोंडावर बोट!"

सगळ्यांची बोटं ओठांवर गेली. चिमुरडीनं खिडकीकडे पाहिलं, पुठ्ठ्याच्या चंद्राकडे पाहिलं, मग बाईंकडे. हळूच बोट काढून ती म्हणाली, "बाई, तो ढग आहे. मी चुकले."

कालची मुलगी मनात तरी म्हणाली असेल, बाई चुकल्या. ही पोर स्वतःच्या डोळ्यांनाच खोटं ठरवून मोकळी झाली होती.

मास्तरीण तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "नाही गं, चंद्रच आहे तो. चुकले मी. बघ ना पुन्हा."

पोरीनं खिडकीकडे मान वळवलीच नाही. ती बाईंच्याच तोंडाकडे बघत राहिली. "मग आता चंद्र म्हणायचं का, बाई?"

मास्तरणीनं मुलांना खिडकीपाशी नेलं आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

सुट्टीत मॅडमनी विचारलं, "मग पहिलीच ना?"

"नाही मॅडम. नववी."

"अगं, सकाळी तर पहिली म्हणालीस! लहानांना घाबरलीस की काय?"

"हो," ती म्हणाली. "इथे मी चुकले, तर मुलं माझीच चूक खरी मानतील."

मॅडम आणखी काही विचारायच्या आत ती जिना चढून नववीत गेली. मुलं डबे उघडून बसली होती. तिनं कालचं गणित फळ्यावर लिहिलं. "हे मी चुकवलं होतं. आणि हिनं सांगितलं, तर हिलाच गप्प केलं."

दोन वेण्यांची मुलगी शिक्षा होणार असल्यासारखी उभी राहिली. मास्तरणीनं खडू पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"आम्ही सगळ्यांनी कालच अधिक करून घेतलं, बाई. तुमचा तास संपल्यावर."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'बस खाली' म्हणालात ना," ती म्हणाली.