तरूच्या गॅलरीतून मंडप दिसतो

"यात नाश्ता फुकट आहे, बा." किरीटने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"फुकटच्या नाश्त्यात अंडी असतात," मी म्हणाले. "पुढचं दाखव."

पुढच्या हॉटेलात खिडकी होती, पण खिडकीसमोर भिंत होती. त्याच्या पुढच्यात पलंग इतका उंच, की चढायला शिडी लागावी. एक धर्मशाळा मला पसंत होती, पण तिचं दार नऊला बंद होतं, आणि अहमदाबादचा गाण्याचा जलसा नऊला तर कुठे रंगात येतो. गाणं ऐकून रात्र ओट्यावर काढायचं माझं वय राहिलेलं नाही.

"दोन दिवस राहायचंय, बा. मुलगी द्यायची नाहीये त्या घरात."

"मुलगी देताना तुझ्या बापानं बघितलं. आता मी बघते."

किरीट माझा धाकटा. बोटादला आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच स्वयंपाकघर. रोटले थापता थापता मी जन्मभर दुकानातला रेडिओ ऐकला. चार इयत्ता शिकलेली बाई मी, रागांची नावं मला सांगता येत नाहीत, पण कोण गातंय ते पहिल्या आलापात ओळखते. त्यातलीच एक बाई शनिवारी संध्याकाळी गाणार होती. गळा थकला, यानंतर गाणार नाही म्हणे. इतकी वर्षं जिचा आवाज घरात वावरला तिचं तोंड एकदा बघावं, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी उतरायचं कुठे, यावर घरात आठवडाभर महाभारत चाललं होतं.

त्यात तरूचा फोन आला. तरू माझी थोरली, अहमदाबादला दिलेली.

"बा, माझ्या गॅलरीतून मंडप दिसतो. चप्पल पायात घातली की पोचलीस. मग लॉज कसला शोधताय?"

"तुला ठाऊक आहे, कशाला ते."

"माझे केस पिकले, बा. अजून माझ्या घरचं पाणी तुला चालत नाही?"

"रीत मी नाही काढली."

"मोडू तर शकतेस."

"मोडायला ती काय खाकरा आहे?"

ती हसली नाही. "लॉजवर उतरलीस तर मला भेटायला येऊ नकोस," म्हणाली आणि फोन ठेवला.

माझी आई माझ्या सासरी यायची ती स्वतःचा तांब्या घेऊन. ओसरीवर बसायची, त्यातलंच पाणी प्यायची आणि उन्हं कलायच्या आत निघायची. लेकीला द्यावं, लेकीचं घेऊ नये, यात न समजण्यासारखं काय आहे? हल्ली सगळं समजावून सांगावं लागतं, आणि सांगितलं की राग येतो. राग मलाही येतो. तरूची सासू अंथरुणाला खिळल्यापासून ही माहेरी येते ती फक्त राखीला. सकाळच्या बसने येते आणि संध्याकाळच्या बसने परत. मी ताट वाढेपर्यंत ही घड्याळ बघते. ही माझ्याकडे राहत नाही ते चालतं, मी हिच्याकडे राहत नाही ते चालत नाही.

शेवटी किरीट वैतागला आणि त्याने खिडकीसमोर भिंत असलेलंच ठरवून टाकलं. मंडपापासून ते जवळ होतं. मीही थकले होते.

शनिवारी दुपारी तिथे पोचलो तर दाराजवळच्या खुर्चीवर तरू बसलेली. मांडीवर बॅग.

"ही इथे काय करतेय?" मी किरीटला विचारलं. तो पंख्याकडे बघायला लागला. म्हणजे पत्ता यानेच दिलेला.

"राहायला आलेय," तरू म्हणाली. "माझ्या घरी तू राहत नाहीस. तुझ्या खोलीत मला राहता येतं का, ते तुझ्या रीतीला विचारून सांग."

"आणि सासू?"

"तिचा मुलगा आहे ना घरात. दोन दिवस करेल."

तेवढ्यात मॅनेजर मध्ये बोलला.

"माताजी, खोली दोघांची आहे. बाहेरच्या माणसाला राहता येणार नाही."

"बाहेरचं कोण?" मी म्हणाले. "मुलगी आहे माझी. माहेरी आली आहे. बाहेरचा हा. किरीट, तू जा बहिणीच्या घरी. धाकट्या भावाला सगळं चालतं. आमच्या जावयांना, भरतकुमारांना, म्हातारीला उठवायला-बसवायला माणूस होईल."

"बा, खोली मी शोधली."

"मोठं काम केलंस. जा आता."

खोलीत गेल्यावर तरूने आपली बॅग उघडायच्या आधी माझी उघडली. "सुखडी आणलीस?" पलंगावर मांडी घालून बसली. थेपले खाल्ले, कैरीचा छुंदो बोटाने चाटला, माझ्या तांब्यातलं पाणी तोंड वर करून प्यायली. मग सासूची गाऱ्हाणी सुरू झाली. एक गाऱ्हाणं अर्धं झालं आणि ही तशीच कलंडली, बोलता बोलता. हातांना मालिशच्या तेलाचा वास, टाचा भेगाळलेल्या. माझ्याच मुलीच्या टाचा मी किती वर्षांनी बघत होते.

दिवेलागणीला किरीटने दार वाजवलं. "बा, चल. त्या बाई गायला बसल्यासुद्धा."

"हळू बोल."

त्याने आत डोकावून बघितलं. "उठव की तिला."

"तिला रोज कोणी ना कोणी उठवतच असतं. तू जा."

"आणि त्या बाईंचं तोंड बघायचं होतं ना तुला? आठवडाभर माझं डोकं खाल्लंस..."

"तू बघून ये. कशी दिसते ते मला सांग."

तो पुटपुटत गेला. मी खिडकी उघडली. समोर भिंतच. पण भिंतीवरून रिक्षांचे भोंगे येत होते आणि भोंग्यांच्या मधून मधून मंडपातलं गाणं, तुटक तुटक. तिचाच आवाज. थकला होता खरा.

तरूने कूस बदलली. मी खिडकी लावून घेतली.

लहानपणापासून तिला जाग आली की आधी पाणी लागतं. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, वर बशी झाकली आणि तिच्या हाताला लागेल असं उशाशी ठेवलं.