आडवी तिवई

न्यामिझीने कोपऱ्यातली तिवई उचलली, कापडाच्या टोकाने पुसली आणि आडवीच धरून अंगणात आणली. तिचा मुलगा काशिंदे गाडीची काच पुसत होता.

"आई, ती कशाला? समुद्रावर बसायला वाळू आहे म्हणे ढीगभर," सून म्बुके दारातून हसली.

"तू गप बस गं."

आमच्या आफ्रिकेत, ताबोराकडे, माणूस सफारीला, म्हणजे लांबच्या वाटेला, निघाला की त्याची बसायची तिवई आडवी करतात. परतला की तोच ती उभी करतो. मेल्याची खबर आली तर ती चुलीत जाते. न्यामिझीचा बाप लुझिगा हस्तिदंत डोक्यावर घेऊन काफिल्याबरोबर बागामोयो बंदराकडे गेला, तेव्हा ती रांगत होती. तो आला नाही. खबरही आली नाही. साठ वर्षं तिवई आडवीच. मरण्याआधी त्या तिवईचं काय ते एकदाचं व्हावं, एवढीच म्हातारीची इच्छा होती, म्हणून ती बागामोयोला निघाली होती.

काशिंदे परदेशी पाहुण्यांना रानात फिरवायचा. गाडीच्या दारावर सिंह रंगवलेला, खाली मोठ्या अक्षरांत 'सफारी'.

"हा सिंह रे कशाला?"

"त्यांना वाटतं, सफारी म्हणजे जनावरं बघणं."

"अगंबाई! चालायचं कुणी?"

काशिंदेला हसू आलं. पाहुण्यांना सांगायचा तेच त्याने आईला सांगितलं. शब्द मूळचा अरबांचा. त्यांच्या गलबतांतून किनाऱ्यावर उतरला, हमालांबरोबर पायी ताबोरापर्यंत आला, मग गोऱ्यांनी तो आपल्या देशी नेला.

म्हातारी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"एवढा फिरला, तरी परत आला बघ. तुझ्याच गाडीवर. आमचाच माणूस तेवढा यायचा राहिला."

दोन दिवस गाडी धावत होती. तीन महिन्यांची वाट ती, पायी. दुसऱ्या दिवशीही म्हातारी खिडकीबाहेर बघत होती.

बागामोयोच्या बाजारात त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. मासळीवाला म्हणाला, "मावशी, ओझी घेऊन हजारो आले इथे. कुणाकुणाचं नाव लक्षात ठेवायचं?"

मग ते पाण्याकडे गेले. न्यामिझी जागच्या जागी उभी राहिली. लाट पायांवर आली तशी तिने मुलाचा दंड घट्ट धरला.

"याचा दुसरा काठ कुठाय रे?"

"दिसत नाही, आई."

"माझी आई म्हणायची, त्याने दुसरी केली असेल. मीही जन्मभर शिव्या घातल्या त्याला." तिने पाण्याकडे हात केला. "हे बघितलं रे त्याने! डोक्यावर हस्तिदंत घेऊन, चालत येऊन, हे एवढं बघितलं!"

ती रडली. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू थू करत हसलीही.

काशिंदेने हळूच विचारलं, "तिवई इथेच उभी करायची का?"

"इथे कशी? अर्धीच सफारी झालीय त्याची. परत कोण जाणार?"

परतताना गाव मैलभरावर असताना तिने गाडी थांबवायला लावली. उतरली, तिवई डोक्यावर घेतली आणि चालू लागली. उन्हं कलली होती. काशिंदे तिच्या मागून गाडी हळूहळू चालवत राहिला. दोनदा हाक मारली, तिने वळून बघितलं नाही.

सफारीहून आलेल्याचं ओझं घरच्या बाईने उतरवायचं, मगच काही विचारायचं, अशी आमच्याकडची रीत. म्बुके दारात आली. सासूच्या धुळीने भरलेल्या पायांकडे तिने बघितलं, मागून येणाऱ्या गाडीकडे बघितलं. थट्टा ओठांवर आलेली असावी, ती तिने गिळली. दोन्ही हातांनी तिवई उतरवून घेतली.

"आलात, आजोबा?" ती म्हणाली. "वाट बरी होती ना?"

न्यामिझीने मान डोलावली. तिवई घेऊन उंबऱ्याच्या आत उभी केली. एक पाय वाळवीने खाल्लेला होता, ती जराशी डुगडुगली आणि थांबली.

म्हातारी तिच्यावर बसली नाही. शेजारी जमिनीवर बसली.

"म्बुके, पाणी आण गं. दोन भांडी."