दुसरी ओळ

सकाळच्या चहालाच घरात जुंपली. बजाबाईनं ठरावाचा कागद पदराखाली घट्ट धरलेला, आणि युवराज तो मागत दारात आडवा उभा.

"आये, आण हिकडं. घसा बसलाय म्हन, मी वाचतो. आजवर मीच वाचत आलोय की."

"म्हनूनच देत न्हाय," बजाबाई म्हणाली.

गावात बाईची जागा निघाली तेव्हा बजाबाई सरपंच झाली होती. खुर्ची तिची आणि बोलणं लेकाचं. लोकही युवराजलाच सरपंच म्हणून हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. मागच्या ग्रामसभेत मात्र बाळासो उभा राहिला. तो तिच्या आधीचा, जागा बाईची झाली म्हणून खुर्ची गेलेला सरपंच. पुढच्या सभेत काकूंनी ठराव स्वतः वाचून दाखवावा, नाहीतर आपण अविश्वास आणणार, असं त्यानं सांगून टाकलं. त्याच्या पाठीशी तेवढी माणसंही होती. तेव्हापासून बजाबाईचं चित्त कशातच लागत नव्हतं. भाकरी करपायची, म्हैस धारेला उभी तशीच राहायची.

सून अंकिता वैरागची, मास्तरकीचं शिकलेली, पण नोकरी न लागलेली. तिनं सासूपुढं पाटी ठेवली. सुरुवातीला काही डोक्यात शिरेना. अक्षरं म्हणजे मोत्यांची माळ, असं अंकिता समजावायची. बजाबाईनं उभ्या जन्मात मोती ओवला नव्हता. अक्षरं सांडायची ती सांडायचीच. एकदा वैतागून अंकितानं विचारलं, आत्या, तुम्हाला सगळ्यात चांगलं काय जमतं? बजाबाई म्हणाली, पेरा.

ते खरंच होतं. ट्रॅक्टर यायच्या आधी या काळ्या रानातली ज्वारी तिच्या मुठीतून पडायची. पुढं बैल, मागं पाभर, आणि पाभरीच्या चाड्यात बी सोडत चालणारी बजाबाई. ना दाट, ना विरळ. अंकितानं तेच धरलं. ओळ म्हणजे पाभरीनं पाडलेलं तास, अक्षर म्हणजे बी. एकेक सोडत जायचं. शब्द सरला की थोडी जागा मोकळी ठेवायची.

मग बजाबाई सुटलीच. साबणाचा कागद वाचला, एसटीची पाटी वाचली, करमाळ्याच्या बाजारात तर चालायचं सोडून दुकानांची नावं वाचत उभी राहिली. सगळं एकेका ओळीचं. पाटीवरही अंकिताची टपोरी अक्षरं एका ओळीतच संपायची.

ठरावाचा कागद आजच सकाळी हातात आला होता. युवराज बडबडत बाहेर गेल्यावर बजाबाईनं गोठ्याच्या भिंतीला टेकून पहिली ओळ वाचून पाहिली. सरळ गेली. एक तास सरळ गेलं म्हणजे बाकीची जातीलच, असं म्हणून तिनं कागदाची घडी केली.

सभा शाळेपुढच्या पटांगणात होती. पौषातलं वारं सुटलेलं. माती उडून डोळ्यांत जात होती, मांडवाचं कापड फडफडत होतं. बजाबाई उठली. तिनं कागदाची घडी उलगडली.

"मळ्याच्या वस्तीवर पिण्याचं पाणी नेण्यासाठी नवीन," तिनं वाचलं. आवाज सुटला. बायका सावरून बसल्या. युवराजनं मान वर केली.

ओळ संपली. बजाबाईचं बोट कागदाच्या कडेला, जसं बांधाला, पोचलं. तिथून ते खाली उतरलं आणि वळलं.

"देत मान्यता ग्रामसभा ही टाकण्यास पाइपलाइन..."

आधी कुणाला काही समजलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"काकू," बाळासो म्हणाला, "पानी वस्तीवर निघालंय का वस्तीवरनं माघारी यायलंय?"

पटांगण हसण्यानं भरलं. बजाबाईनं बोट पुन्हा त्या शब्दांवरनं फिरवलं. शब्द तर एकही चुकला नव्हता. मग हे हसतात कशाला? तास संपलं की बांधावर बैल वळवायचे आणि पेरत माघारी यायचं. जन्मभर तसंच केलं होतं. युवराज पुढं आला, हात कागदाकडं गेला.

तेवढ्यात बायकांतून अंकिता उठली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता, तो एका हातानं धरून ती म्हणाली, "आत्या, चूक माझी हाय. पेरा म्हनून मीच सांगितलं. पेरा सोडा आता. कांद्याला पानी देतोय असं समजा. सरी भरली की तुमी काय करता?"

बजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. सरी भरली की पाणी शेवटाकडून कोण उलटं आणतं? पाणी आणणाऱ्या दांडाकडं माघारी यायचं, पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. पाणी प्रत्येक वेळी दांडाकडूनच सुटतं.

तिनं कागदाकडं नीट पाहिलं. डाव्या हाताला कोरी पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ उतरली होती, आणि सगळ्या ओळींची तोंडं तिलाच लागलेली होती.

"हात काढ," ती युवराजला म्हणाली. तो मांडवाच्या कडेला आपल्या जागी जाऊन बसला.

बोट तिनं त्या कोऱ्या पट्टीवर आणलं. "पाइपलाइन टाकण्यास ही ग्रामसभा मान्यता देत," ती वाचत गेली. ओळ भरली, बोट माघारी आलं, पुढची सुटली. हळू, अडखळत, पण कुठं फुटलं नाही. शेवटी तिनं विचारलं, कुणाकुणाला मंजूर आहे. बायकांनी आधी हात वर केले, मग पुरुषांचे निघाले. विरोधात कुणाचाच निघाला नाही.

बाळासो खुर्चीत अस्वस्थ हलला. सवयीनं युवराजकडं तोंड करून म्हणाला, "मग सरपंच, काम सुरू कवा?"

युवराजनं तोंड उघडलं होतं.

"बाळासो, हिकडं बघून इचार," बजाबाई म्हणाली.

बाळासोची खुर्ची युवराजच्या दिशेनं मांडलेली होती. त्याला उठावं लागलं. त्यानं खुर्ची उचलली, फिरवली आणि मग विचारलं.