तेवढ्याच मोठ्या अक्षरात

माझ्या हाताला घाम येत नाही. येऊन चालतच नाही, पांढऱ्या कापडावर डाग पडला तर गिऱ्हाईक ते तोंडावर फेकून मारेल. वीस वर्षं शिवणकाम करतेय. एकदा सुई बोटातून आरपार गेली तेव्हासुद्धा हात कोरडा होता. पण त्या गुरुवारी सकाळी वृत्तपत्र मंडळाच्या बाहेर बाकावर बसले होते आणि रुमाल पिळून काढावा इतके तळहात ओले.

आत मला एकच प्रश्न विचारणार होते. ही सही तुमची का? हो म्हणायचं आणि घरी यायचं. मग एवढं घाबरायला काय झालं होतं? तेच कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून जास्तच भीती वाटत होती.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर म्हणाल, ही बाई मधूनच उसवायला बसली.

आमचे हे पाणीपुरवठ्यात पंप चालवतात. म्हणजे चालवायचे. चार महिन्यांपूर्वी आमच्या भागात पाण्याने माणसं आजारी पडली, चाळीसेक जण दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर यांचा फोटो आणि नाव, वर एवढाल्या अक्षरात: पंपचालक झोपला, वस्ती आजारी पडली! पाण्यात जंतू मारायचं औषध टाकायला विसरले म्हणे. कोण म्हणे? तर वरिष्ठ सूत्रं. अहो, हा माणूस घरच्या पलंगावर धड झोपत नाही, नळ ठिबकला तरी उठून बसतो! पण विचारायला आलं कोण? पेपरची कचेरी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं कुणाला चालवली नाहीत.

यांना निलंबित केलं. माझी निम्मी गिऱ्हाइकं बाह्या न लावलेले कपडे तसेच उचलून घेऊन गेली. समोरच्या बाईचं पोर आजारी होतं, ती येऊन आमच्या पायरीवर थुंकली. मी पुसून काढलं. हे तर बोलायचेच बंद झाले. 'जेवता का' विचारलं तर मान हलवायची, तीही कुठल्या बाजूला ते कळू नये अशी.

मी पेपरच्या कचेरीत जाऊन घसा फोडला. दहा दिवसांनी सहाव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात दोन ओळी आल्या: 'सदर बातमीतील माहिती आरोपाच्या स्वरूपाची होती, याची नोंद घ्यावी.' नाक कापायचं चव्हाट्यावर आणि माफी मागायची मोरीत!

त्याच सुमारास सरकारने हे मंडळ काढलं. पेपरवाल्यांना लगाम हवा, अशी भाषणं चालली होती. काही शहाणी माणसं म्हणत होती, लगाम कुणाच्या हातात जातोय ते आधी बघा. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याचा फोटो अजून छापून आला नाही, म्हणून तुम्हाला हे सुचतंय. आणि सरळ मंडळात गेले. तीन पानांची तक्रार टाईप करून घेतली. मागणी एकच. चूक झाली असं कबूल करा, पहिल्या पानावर, जिथे यांचा फोटो होता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. तिसऱ्या पानावर सही केली. पानं सुटी होऊन कुठे गहाळ नको व्हायला, म्हणून तिन्ही एकत्र धरून डाव्या कडेने मशीनवर टीप मारली, निळ्या दोऱ्याची. मंडळातला कारकून हसला. "बाई, अर्ज आणलाय की झबलं?" म्हणाला, आणि 'पाने तीन' अशी पोच दिली.

त्यानंतर तीन महिने हूं नाही की चूं नाही.

मग त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात दारावर थाप पडली. चष्मा लावलेली एक मुलगी उभी. "ताई, ती बातमी मी लिहिली होती," म्हणाली. माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली नाही, एवढंच सांगते.

"तेव्हाच विचारायला यायला हवं होतं. आत्ता आलेय. आत येऊ?"

मी नाहीच म्हणणार होते. पण आतून हे बोलले. चार महिन्यांत पहिल्यांदा. "येऊ दे तिला." आणि मग हा माणूस जे बोलायला लागला ते तासभर. औषधाची पिंपं तीन आठवडे आलीच नव्हती. प्रत्येक पाळीला यांनी वहीत लिहिलं होतं, औषध संपले, साहेबांना कळवले. ती वही साहेबांनी पहिल्याच दिवशी नेली. चष्मेवालीने सगळं उतरवून घेतलं, चार दिवस फिरली आणि वहीच्या पानांचे फोटो कुठून तरी मिळवून आली. "रविवारी छापतोय," म्हणाली.

म्हणजे बघा कसं असतं. आमचं फाडलं ज्यांनी, सुई आता त्यांच्याच हातात.

आणि अचानक मंगळवारी मंडळाची नोटीस. सुनावणी गुरुवारी. बुधवारी मंडळाचा अधिकारी स्वतः घरी आला. त्याचं नाव त्याने सांगितलं नाही, मी मनात साखरतोंड्या ठेवलं. पाणीसुद्धा थोडंच द्या म्हणाला, उगाच त्रास नको.

"वहिनी, तुमच्यासारख्या माणसांसाठीच तर हे मंडळ आहे. उद्या फक्त सही तुमची आहे एवढं सांगा. जास्त बोलायचं नाही, अध्यक्षांना आवडत नाही. सोमवारी तुमचे यजमान कामावर हजर. मी शब्द देतो."

मी हरखलेच होते. पण तो चपला घालता घालता म्हणाला, "आणि त्या पेपरवाल्यांना घरात घेत जाऊ नका. नाहीतर ती निष्काळजीपणाची फाईल पोलिसांकडे जायची. उगाच."

हसून म्हणाला. दार लागलं आणि मग माझ्या डोक्यात आलं. ती मुलगी घरी आली होती हे याला कुणी सांगितलं?

"सहीच विचारायची होती," हे म्हणाले, "तर त्यासाठी घरी कशाला आला?"

त्या प्रश्नाने मला बाकावर स्वस्थ बसू दिलं नाही.

आत बोलावलं. खोली लहान, खिडक्या बंद, लांब टेबलापलीकडे तीन माणसं. मधले अध्यक्ष. कोपऱ्यात टंकलेखिका. एका बाजूला चष्मेवाली आणि तिचे संपादक, पिकलेल्या केसांचे, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. बघणारं दुसरं कुणी नाही. साखरतोंड्या माझ्या मागे उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

अध्यक्षांनी वाचायला घेतलं. "सदर वृत्तपत्राचा परवाना चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित करावा, अशी तक्रारदाराची मागणी आहे."

मी दचकले. तक्रारदार म्हणजे मीच ना?

संपादक उठले. "चूक आमची आहे, साहेब. न विचारता छापलं. उद्याच पहिल्या पानावर माफी छापतो, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

हेच तर ऐकायला मी चार महिने तडफडत होते! पण अध्यक्ष म्हणाले, "मागणी तशी नाही. खाली बसा." आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. "ही सही तुमची का?"

सही माझीच. शंकाच नाही. पण माझी नजर सहीवर राहिली नाही, ती गेली कडेला. सवय हो, दुसरं काय! तिसऱ्या पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक भोकांची रांग होती. माझी टीप. एका भोकात निळ्या दोऱ्याचा तंतू अजून अडकलेला. आणि वरची दोन पानं उलटून बघते तर काय, करकरीत. कडेला एकसुद्धा भोक नाही, कोपऱ्यात नुसती एक पिन.

माझी दोन पानं काढून त्यांनी आपली दोन घातली होती. सही माझी आणि मागणी त्यांची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी झाले होते. रविवारची बातमी येऊच नये म्हणून हा सगळा खटाटोप.

"बाई, हो की नाही?"

खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. सोमवार आठवला. यांचा धुऊन घडी घालून ठेवलेला गणवेश आठवला. पोलिसांची फाईल आठवली. मनात आलं, हो म्हण आणि सूट. त्या पेपरचं आणि आपलं काय नातं? मरेना का तो! त्याने आपल्याला कुठे सोडलं होतं? पण तो बंद पडला तर ती वही कोण दाखवणार? हे जन्मभर झोपलेला पंपचालकच राहणार, पगार चालू झाला तरी.

"वहिनी," मागून हळू आवाज आला. "सोमवार."

त्या एका शब्दाने मला काय झालं कोण जाणे. मी इतकी घाबरले होते की भीतीचा राग आला.

"सही माझी आहे," मी म्हणाले. आवाज बकरीसारखा येत होता. "पण वरची दोन पानं माझी नाहीत. मी तिन्ही पानांना टीप मारून दिली होती. या दोन्हींना भोकं कुठायत? मी पेपरवाल्यांचे कान उपटायला सांगितले होते, गळा कापायला नाही."

टंकलेखिकेची बोटं थांबली. संपादकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

अध्यक्ष टंकलेखिकेकडे वळले. "लिहा. सही आपलीच असल्याचे तक्रारदाराने मान्य केले."

"आणि पुढचं?" मी विचारलं.

"शिवणाची भोकं हा पुरावा होत नाही. पुढचं लिहू नका."

ती बिचारी तेवढंच लिहून थांबली. दोन मिनिटांत आदेश झाला. उद्या दुपारी बारापासून पेपर बंद. साखरतोंड्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. हसत नव्हता. "सांभाळून जा, वहिनी," म्हणाला.

घरापर्यंत मी कशी आले मला आठवत नाही. एक पांढरी गाडी तीन वळणं माझ्या मागे होती. कदाचित तिचाही रस्ता तोच असेल. मी धावत जिना चढले. यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुमची नोकरी मी घालवली. काही बोला ना हो! शिव्या तरी द्या."

हे म्हणाले, "अगं, पण भोकं दिसली कशी तुला? चष्मा तर घरी विसरली होतीस."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. खिडक्या लावून घेतल्या. भर दुपारी दिवा लावून दोघं मशीनपाशी बसून राहिलो. जिन्यात पाऊल वाजलं की हे माझ्याकडे बघायचे, मी यांच्याकडे.

तीनच्या सुमारास थाप पडली. एकदा. मग परत.

हे उठले. मी त्यांना मागे ओढलं आणि कडी काढली.

चष्मेवाली होती. एकटीच, धापा टाकत. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि वही उघडली. "उद्या सकाळचा अंक शेवटचा. त्यात पाण्याची बातमी घालतोय, आमची माफी घालतोय, आणि तुम्ही आत जे बोललात ते. तिथे कुणी लिहून घेतलं नाही, म्हणून मी वाचून दाखवते. चुकलं तर सांगा."

तिने वाचलं. शब्द न् शब्द माझा होता, गळा कापायचासुद्धा.

"आणि नाव घालू की नको?" तिने विचारलं. "नको असेल तर नुसतं तक्रारदार लिहीन. ताई, मला तुम्हाला भरीला घालायचं नाही. काहीही होऊ शकतं, आणि उद्या बारानंतर मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही."

मी वळून यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे नको म्हणतील, म्हणजे मी सुटेन. देवाशपथ सांगते, मी त्याचीच वाट बघत होते.

हे पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला, माझ्या की त्यांच्या कोण जाणे. "कुठे छापणार?"

"पहिल्या पानावर. जिथे तुमचा फोटो होता तिथे."

"अक्षरं?"

"तेवढीच मोठी."

"मग माझं लिहा," हे म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही न विचारता लिहिलं होतं. आता मी सांगतोय म्हणून लिहा. पंपचालक, आणि पुढे पूर्ण नाव."

ते एकेक शब्द सावकाश सांगत गेले, ती लिहीत गेली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मीही सांगितलं, माझं, वडिलांचं, सासरचं, सगळं. माझे दात एकमेकांवर वाजत होते, म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं.

ती जिना उतरून गेली. खाली रस्त्यावर एक गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कडी लावायला काही दोन माणसं लागत नाहीत, पण आम्ही दोघांनी मिळून लावली, आणि दाराला पाठ टेकून तिथेच खाली बसलो.