फादरच्या बायकोची कात्री

मी कात्री आहे, पण घाबरू नका. कात्री बोलायला लागली की कुणाचा तरी पत्ता कट होणार, असं माणसांना उगाच वाटतं. मी जन्मभर मुख्यतः एकाच माणसाचे केस कापले, आणि मधली काही वर्षं दुधाच्या पिशव्या. आत्ता कॅनडातल्या मिल्टनमधल्या एका मोठ्या घराच्या किचनमध्ये, फ्रिजशेजारच्या हुकावर लटकून मी हे सांगतेय.

माझं माहेर वसई. पापडीच्या बाजारात एका लोहाराच्या पथारीवर मी पडून होते. शर्लीच्या आईनं मला उचललं, कानाशी नेऊन दोनदा उघडमीट केली. माझा आवाज तिला पसंत पडला आणि मी तिच्या लेकीच्या लग्नाच्या सामानात जाऊन बसले.

त्या लग्नाची वसईजवळच्या त्यांच्या वाघोली गावात फार चर्चा झाली होती. नवरा मुलगा आल्फ्रेड, फादर व्हायचं म्हणून सेमिनरीत गेलेला. सुट्टीत गावी आला, क्वायरमध्ये शर्लीच्या मागच्या रांगेत गायला उभा राहिला आणि परत गेलाच नाही. त्यांच्या चर्चमध्ये फादरला लग्न करता येत नाही, तेव्हा दोनांपैकी एक निवडणं भाग होतं. त्यानं शर्लीला निवडलं. गावातल्या बायका तोंडावर शुभेच्छा द्यायच्या आणि पाठ वळली की म्हणायच्या, "पोरीनं देवाचा माणूस पळवला." ते शर्लीच्या कानावर गेलं आणि मनात रुतून बसलं.

मला कसं कळलं, तेही सांगते. टोरांटोला आल्यावर दोघं एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायची. सलूनचे पैसे परवडत नसत. मग महिन्यातून एका रविवारी आल्फ्रेड स्टुलावर बसायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि शर्ली मला हातात घ्यायची. कापून झालं की ती त्याच्या मानेवरचे केस तळहातानं झटकायची, मग खाली वाकून तिथे हलकेच फुंकर घालायची. फुंकर घालण्याआधी मात्र पुटपुटायची, "सॉरी, देवा." आल्फ्रेडला वाटायचं, मागची बाजू वाकडी कापली गेली असणार. तो हसून म्हणायचा, "अगं, कोण बघतंय मागून?" पण ती कशाची माफी मागतेय, हे तिच्या बोटांत असल्यामुळे मला कळायचं.

आल्फ्रेड हाताचा आणि डोक्याचा पक्का निघाला. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकला पुढे जी लांबरुंद लोखंडी पाती असतात, ती तो बनवायला लागला. माझ्याच भावकीतली म्हणा ना, फक्त खात्यापित्या घरची. या देशात बर्फ काही पडायचा थांबत नाही, त्यामुळे एका शेडचा कारखाना झाला, एकाचे तीन झाले. मिल्टनला हे घर आलं, दारात मोठाल्या गाड्या आल्या. तरी जुन्या बेसमेंटमधलं स्टूल आणि महिन्यातला तो रविवार काही सुटला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग त्याला राजकारणाचं वेड लागलं. आता वेड म्हणू नये, माणूस कामाचा होता. बसथांबे, शाळा, म्हाताऱ्यांची घरं, सगळ्यांसाठी भांडायचा. निवडून आला, क्वीन्स पार्कला, म्हणजे प्रांताच्या विधानसभेत, जाऊन बसायला लागला. पण टीव्हीवर दिसायचं म्हणून केस कापायला भारीतल्या सलूनमध्ये जाऊ लागला. उद्घाटनांना रिबन कापायला त्याच्या हातात हातभर लांबीची सोनेरी कात्री देत. फोटोत मिरवायची नुसती, धारेच्या नावानं ठणठणाट! रिबन चावून चावून तोडायची बिचारी. आणि मी? मला शर्लीनं इथे हुकाला अडकवलं. या प्रांतात दूध प्लॅस्टिकच्या पिशवीत येतं, त्या पिशवीचा कोपरा कापायचा, एवढंच माझं काम. फार वाईट दिवस होते ते.

दुसऱ्या निवडणुकीत आल्फ्रेड पडला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मी मनातून खूश झाले. शर्लीही झाली असावी. वर्षभर तो सलूनकडे फिरकला नाही, तेव्हा एका रविवारी तिनं मला घासूनपुसून इथल्या बेसमेंटमध्ये नेलं.

"ये, बस. किती वाढलेत बघ. जटा झाल्यात."

आल्फ्रेड स्टुलावर बसला, पण त्यानं तिचा हात धरला. "नको कापूस शर्ली. वाढवतोय."

"कशाला?"

आता तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं. कारखान्याच्या वाटेवर एक लहानसं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. युक्रेनची, रुमानियाची, इथिओपियाची माणसं तिथे येतात. एका सकाळी तिथले फादर बोहदान एकटेच फावड्यानं बर्फ उपसताना दिसले, म्हणून आल्फ्रेड गाडी थांबवून मदतीला गेला. आतून एक बाई कॉफी घेऊन आल्या. यानं अदबीनं विचारलं, "युवर सिस्टर, फादर?"

"माय वाइफ," फादर म्हणाले.

याच्या हातातलं फावडं पडलं. त्या चर्चमध्ये लग्न झालेल्या माणसाला फादर होता येतं, हे त्याला साठीला टेकल्यावर कळलं. तेव्हापासून तो तिथे जायला लागला, प्रार्थना शिकला, त्या चर्चचाच झाला. शर्लीला वाटत होतं, पडलेल्या पुढाऱ्याचा विरंगुळा आहे, जाईल निघून.

"मला फादर व्हायचंय. तिथले फादर केस वाढवतात," तो स्टुलावरून म्हणाला.

"फादर? आणि मी कोण?"

"फादरची बायको."

शर्ली हसायलाच लागली. "फादरची बायको! आमच्या गावात हे दोन शब्द एका वाक्यात येत नाहीत रे!" आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. माझ्यावरची तिची बोटं गार पडली.

"पण तुलाही या चर्चमध्ये यावं लागेल," तो म्हणाला, "आणि तुझा मनापासून होकार लागेल. नाहीतर बिशप माझ्या डोक्यावर हात ठेवून मला फादर करणार नाहीत."

ती वर आली आणि तिनं मला हुकाला अडकवलं. मुलगी क्रिस्टा कॅल्गरीहून फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हिम नो इफ यू डोन्ट वॉन्ट इट." पण नाही म्हणणं तिच्या जिवावर येत होतं आणि हो तोंडातून निघत नव्हतं.

हळूहळू ती त्या चर्चच्या किचनमध्ये मदतीला जायला लागली, आणि शेपू चिरायला सुरीपेक्षा मी बरी म्हणून मलाही पर्समधून न्यायची. फादर बोहदानच्या बायकोचं, ओल्हाचं आणि तिचं छान जमलं. पुढच्या ईस्टरला शर्लीनं तिथलं पवित्र तेलही कपाळाला लावून घेतलं, म्हणजे तीही त्या चर्चची झाली. होकार तेवढा राहिला. एकदा शेपू कापता कापता तिनं ओल्हाला इंग्रजीतून विचारलंच, नवरा देवाबरोबर वाटून घ्यावा लागतो, त्याचं काही वाटत नाही का?

ओल्हा म्हणाली, "देवाचं काही नाही गं. पार्किंग कमिटीबरोबर वाटून घ्यावा लागतो, ते सहन होत नाही."

त्या दिवशी परतताना आल्फ्रेडनं गाडी घरासमोर थांबवली, तरी शर्ली उतरली नाही. मी तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये होते.

"एक विचारते, खरं सांगशील? सेमिनरी सोडलीस, त्याचा पश्चात्ताप होतो? मी तुला देवापासून तोडून आणलं, असं वाटतं?"

आल्फ्रेडनं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तू हे इतकी वर्षं मनात ठेवलंस? अगं, तेव्हा दोनांपैकी एक निवड म्हणाले, मी निवडलं. आज पुन्हा निवडायला लावलं तरी तुलाच निवडीन. इथे निवडायला लावत नाहीत, एवढंच. आणि तू नको म्हणालीस तर या रविवारी केस कापून टाक. मी कुरकुर करणार नाही."

ती रडली. पण हो म्हणाली नाही.

त्या रविवारी तिनं केस कापले नाहीत, पुढच्याही नाहीत. बिशप येण्याचा दिवस ठरला. त्या चर्चमध्ये सेवेला घेतलेल्या माणसाचे थोडे केस बिशप क्रुसाच्या आकारात कापतात, ती पहिली पायरी. सकाळी शर्लीनं मला गरम पाण्यानं धुतलं, स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. आता शेपू कुठला, आज तर सगळं जेवण बाहेरून मागवलेलं. मग मला कशाला नेतेय?

आल्फ्रेड मान खाली घालून उभा राहिला. तबकात चांदीची नाजूक कात्री ठेवली होती. बिशपनी आधी शर्लीकडे बघून विचारलं, तुमची संमती आहे का? आल्फ्रेडची मान जरासुद्धा हलली नाही.

शर्ली पुढे गेली, तिनं मला रुमालातून काढलं आणि बिशपसमोर धरलं. "येस, बिशप. पण प्लीज, युज धिस वन. याच्या केसांना परकी कात्री चालत नाही."

बिशप दाढीतल्या दाढीत हसले. त्यांनी मला आशीर्वाद दिला, मला! चार ठिकाणी चार बटा मी कापल्या. केस पांढरे झाले होते, पण पोत तोच.

आणि मग शर्ली विसरलीच आपण कुठे आहोत ते. कापून झालं म्हटल्यावर ती सवयीनं पुढे झाली, त्याच्या मानेवरचे केस तळहातानं झटकले आणि सगळ्यांदेखत खाली वाकून फुंकर घातली. बिशप हातात मला धरून थांबून राहिले. त्या दिवशी ती 'सॉरी, देवा' म्हणाली नाही.

आता तो फादर आल्फ्रेड झालाय. केस मागे रबरबँडनं बांधतो, शर्लीला सगळे अदबीनं हाका मारतात, आणि तीही पार्किंग कमिटीच्या नावानं बोटं मोडते. मी पुन्हा हुकावर. माझं एकच मागणं आहे, दुधाच्या पिशव्यांसाठी घरात दुसरी एखादी कात्री आणा. बिशपनी आशीर्वाद दिलेल्या बाईला हे काम शोभत नाही.

महिन्यातला तो रविवार मात्र परत आलाय. ती मला घेऊन खाली जाते आणि म्हणते, "ये, बस." तो स्टुलावर बसतो, खांद्यावर टॉवेल टाकतो. कापायचं काहीच नसतं, म्हणून ती मला नुसतीच हवेत चालवते, कच्‌ कच्‌. मानेवर एक केस पडलेला नसतो. फुंकर मात्र ती घालतेच.