सतरा नंबरचा उलटा प्रवास

मी एक जुना संगणक आहे. पारोळ्याच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. मित्रांनो, मला दिसत नाही. बटणं दाबली की समजतं आणि जवळचं ऐकू येतं, एवढंच.

१९९२ साली लताबाई मॅडमनी मला हाती घेतलं. कपाशी वेचायच्या दिवसांत मुलांचे तास बुडत. त्यांना आपापलं शिकता यावं म्हणून मॅडमनी एक नकाशा आखला. मापन, वेग, त्वरण, बल, घर्षण, कार्य, ऊर्जा अशा चौकटी आखून, काय समजल्यावाचून काय समजणार नाही, ते त्यांनी रेघांनी जोडलं. सहा महिने खपून तो सगळा माझ्यात भरला. उत्तर बरोबर आलं की मी मुलाला पुढच्या चौकटीत न्यायचो, चुकलं की एक चौकट मागे. मापनाच्या मागे काहीच नव्हतं. तिथेही चुकलं तर नाव कायमचं पुसलं जायचं.

"इतकं मागे कोण जाणार?" मॅडम हसून म्हणाल्या होत्या.

नंबर दाबला की त्या मुलाचं नाव उघडायचं; पुनाचा नंबर सतरा. भराभर उत्तरं देत तो ऊर्जेपर्यंत पोचला आणि पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत काविळीने गेला. त्याचं नाव माझ्यात तसंच राहिलं.

जानेवारीतल्या एका सोमवारी, दुपारच्या सुट्टीत, कुणीतरी मला चालू केलं. एक. सात. मी नेहमीसारखं लिहिलं, "ये पुना. आज ऊर्जा." प्रश्न विचारला. माझ्या अगदी जवळ श्वास तेवढा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने उत्तर पाठवायचं मोठं बटण दाबलं गेलं. उत्तर कोरं.

मी त्याला एक चौकट मागे नेलं.

मंगळवारी त्याच वेळी पुन्हा तेच. बुधवारीही. कार्य, घर्षण, बल... प्रत्येक उत्तर कोरं. जो गेला होता, तो रोज एक पाऊल मागे चालत होता.

शनिवारी संध्याकाळी मॅडमनी कोण कुठे पोचलं याचा आठवड्याचा कागद छापला आणि हाक मारली. "गिरधरभाऊ, सतरा नंबर मापनावर आलाय."

गिरधरभाऊ आमचे प्रयोगशाळा सहायक. "फ्लॉपी बिघडली असेल, मॅडम," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "नाहीतर पोरगं अजून फिरतंय. पुसून टाका."

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी दुपारी एक आणि सात दाबले गेले. "ये पुना. आज मापन." तोच श्वास. मोठ्या बटणावर बोट टेकलं.

"दाबू नका!" कपाटाआडून मॅडम ओरडल्या. "झुंबरबाई, तुम्ही?"

झुंबरबाई प्रयोगशाळा झाडायच्या. पुना त्यांचा मुलगा.

"ताई, पोऱ्यानं शिकाडेल व्हतं," त्या म्हणाल्या. "एक दाब, सात दाब, मंग त्यानं नाव येस. माले वाचता येत नही, पन त्यानं नाव वळखस. दखी लिधं का ते मोठं बटन दाबी टाकस, बंद व्हयी म्हनीसन."

"त्या बटणाने हे बंद होत नाही, कोरं उत्तर जातं," मॅडम म्हणाल्या. "आज दाबलं असतं, तर ते नाव परत दिसलं नसतं."

मोठ्या बटणावरचं बोट उचललं गेलं.

त्या आठवड्यात मॅडमनी मापनाच्या मागे एक नवी चौकट जोडली, सतरा नंबरला तिथे आणलं आणि नाव पुसायचा नियम काढून टाकला. तिच्यात एकच अक्षर होतं : पु. मग तिच्या पुढे दुसरी : ना. झुंबरबाई रोज दुपारी येऊ लागल्या. बोट अडखळायचं, चुकायचं, पुन्हा शोधायचं. मार्चमध्ये एके दिवशी त्यांनी दोन्ही अक्षरं न विचारता दाबली, आणि मी सतरा नंबरला पुढे नेलं.

"आता तुमचं नाव घालू का इथे?" मॅडमनी विचारलं.

"नही. त्यालेच बलाऊ द्या."

म्हणून तीन वर्षं मी रोज दुपारी एका गेलेल्या मुलाला हाक मारत राहिलो आणि उत्तर येत राहिलं. १९९७ साली मला बंद केलं, तेव्हा सतरा नंबर वेगापर्यंत पोचला होता.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकण्याच्या वाटा आखाल, तेव्हा पहिल्या चौकटीच्या मागेही थोडी जागा राखा. तिथे कुणी उभं असतं. ते बोलत नाही. तुम्ही कान द्या.